रोजच्या जगण्यात पवित्रतेच्या मागे कसं लागावं

बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या १९व्या अध्यायाच्या सुरुवातीलाच आज्ञा येते: पवित्र व्हा, कारण मी पवित्र आहे. पुढची वचनं वाचताना मात्र वाचणारा थबकतो. यज्ञांबद्दल तिथे मोजकंच आहे. बाकी बरंचसं घरातलं, शेतातलं, बाजारातलं. आईबापांचा मान राखा. मजुराची मजुरी सकाळपर्यंत अडवून ठेवू नका. कापणी करताना शेताच्या कडेचं पीक गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडा. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका. चहाड्या करू नका, मनात भावाचा द्वेष धरू नका. पिकल्या केसांपुढे उठून उभे राहा. तराजू खरा ठेवा, वजनं खरी ठेवा.

पवित्रतेचा प्रयत्न बहुतेक वेळा फसतो तो इथेच. देव नेमकं बोलतो आणि आपण मोघम ऐकतो. ‘प्रभू, मला पवित्र कर’ ही प्रार्थना वर्षानुवर्षं होत राहते, पण मजुरी कोणाची अडली आहे आणि वजन कुठे खोटं आहे, हे तपासलं जात नाही. म्हणून खाली जे सांगितलं आहे त्याचा सगळा रोख मोघमपणा काढून टाकण्यावर आहे.

‘पवित्र’ म्हटलं की मराठी कानाला लगेच सोवळं ऐकू येतं, म्हणजे कशाला तरी शिवायचं नाही, विटाळ होऊ द्यायचा नाही. शास्त्रातल्या इब्री शब्दाचा, ‘कादोश’चा, रोख वेगळा आहे: देवासाठी वेगळं काढलेलं, त्याच्यासाठी राखलेलं. जखऱ्याच्या शेवटच्या अध्यायात एक विलक्षण दृश्य आहे. ‘परमेश्वरासाठी पवित्र’ ही अक्षरं मुळात प्रमुख याजकाच्या कपाळावरच्या सोन्याच्या पट्टीवर कोरलेली असत (निर्गम २८:३६). जखऱ्या म्हणतो, एक दिवस तीच अक्षरं घोड्यांच्या घंटांवर दिसतील आणि यरुशलेमेतलं प्रत्येक भांडं परमेश्वरासाठी पवित्र होईल. भांडं तेच राहतं, त्याचा धनी बदलतो. स्वयंपाकघर, दुकान, कचेरी, फोन यांना सोडून कुठे जायचं नाही. त्यांच्यावर नाव कोणाचं, एवढंच ठरवायचं आहे.

सुरुवातीआधी: क्रम उलटा होऊ देऊ नका

करिंथच्या मंडळीत गटबाजी होती, कोर्टकचेऱ्या होत्या, अनीती होती. तरी प्रेषित पौल त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्याच वचनात त्यांना ‘ख्रिस्त येशूमध्ये पवित्र केलेले’ म्हणतो आणि मग त्यांच्या एकेका गोष्टीची झाडाझडती घेतो. आधी स्थान मिळालं, मग त्या स्थानाला साजेसं वागणं आलं. हा क्रम उलटला की दोनपैकी एक होतं. चार दिवस बरे गेले तर माणूस नाकाने कांदे सोलायला लागतो, आणि पाचव्या दिवशी पडला तर ‘आपल्याच्याने हे होणार नाही’ म्हणून सोडून देतो. दोन्ही रोगांचं मूळ एकच आहे: देवाने स्वीकारावं म्हणून पवित्रता कमवायची धडपड. वधस्तंभावर जे पूर्ण झालं त्यात तुम्हाला भर घालायची नाही.

म्हणून हात जोडून बसायचं का? नाही. फिलिप्पैकरांस पत्रात पौल लागोपाठच्या दोन वचनांत दोन्ही गोष्टी सांगतो (२:१२–१३): आपलं तारण भीत व कापत साधून घ्या, कारण इच्छा करणं आणि कृती करणं हे तुमच्यात देवच घडवतो. इब्री १२:१४ मध्ये पवित्रीकरणासाठी जे ग्रीक क्रियापद आहे त्याचा अर्थ पाठलाग करणं, हात धुऊन मागे लागणं. आपण मंडळीचा छळ करत होतो हे सांगताना पौल तोच शब्द वापरतो (फिलिप्पै ३:६), आणि थोडं पुढे जाऊन ख्रिस्ताकडे धावण्यासाठीही तोच (३:१२). रविवारच्या सकाळी दीड तास मन भरून येणं म्हणजे मागे लागणं नव्हे.

रात्रीची पंधरा मिनिटं

एक साधी वही घ्या, आणि झोपेने डोळे मिटायच्या आधीची वेळ धरा. अंथरुणात पडल्यावरची नको. पहिली तीन मिनिटं दिवसातल्या तीन नेमक्या गोष्टींसाठी आभार माना. हे आधी यायलाच हवं. कृपा डोळ्यांपुढे नसेल तर पुढची तपासणी म्हणजे नुसती स्वतःची उलटतपासणी होते. मग स्तोत्र १३९:२३–२४ च्या शब्दांत मागा, देवा, तूच माझं अंतःकरण पारख. त्यानंतर साधारण सात मिनिटं उठल्यापासून आत्तापर्यंतचा दिवस क्रमाने आठवा: कोण भेटलं, काय बोललो, पैसे कुठे गेले, एकटे असताना काय पाहिलं. जिथे मन चटकन पुढे सरकू पाहतं तिथे थांबा. बहुधा काम तिथेच असतं. तीन मिनिटं कबुली, आणि उरलेल्या दोन मिनिटांत उद्याची अडचणीची एक जागा ओळखून ठेवायची.

कबुली लिहिताना दोन वाक्यांतला फरक पाहा. ‘आज बोलण्यात संयम राहिला नाही.’ हे मोघम झालं. ‘संध्याकाळी मुलाने तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला, तेव्हा मी पाहुण्यांसमोर त्याला मूर्ख म्हटलं, कारण मला फोनवरून नजर काढायची नव्हती.’ यात वेळ आहे, माणूस आहे, शब्द आहे आणि मुळाशी काय हवं होतं तेही आहे. पहिल्या वाक्याने काही बदलत नाही. दुसऱ्यामुळे उद्या मुलाजवळ जाऊन काय बोलायचं ते कळतं, आणि संध्याकाळी फोन कुठे ठेवायचा तेही. १ योहान १:९ मध्ये ‘पापं’ अनेकवचनात आहे. एकेक नाव घेऊन कबूल करायची आणि क्षमा मिळाली यावर विश्वास ठेवून उठायचं. पंधराची पन्नास मिनिटं करू नका. लांबलेली तपासणी दहा दिवसांत बंद पडते.

आठवडाभराच्या नोंदी चाळल्या की एखादी गोष्ट चारपाच वेळा दिसेलच. तीच एक निवडा. सगळ्या दोषांवर एकदम चालून गेलात तर पंधरवड्यात ‘येरे माझ्या मागल्या’. लोयोलाच्या इग्नाशियसने १६व्या शतकात यासाठी फार साधी युक्ती सांगितली: रोजच्या दोन रेघा आखायच्या, एक सकाळची आणि एक दुपारनंतरची, आणि निवडलेला दोष जितक्या वेळा घडला तितके ठिपके रेघेवर द्यायचे. मग सकाळ दुपारशी, आज कालशी, हा आठवडा गेल्या आठवड्याशी ताडून पाहायचा. पहिल्या आठवड्यात ठिपके वाढलेलेच दिसतात. घाबरू नका, दोष वाढलेला नसतो, तो दिसायला लागलेला असतो.

पाप कुठून आत आलं ते उलटं चालत शोधा

याकोब १:१४–१५ मध्ये पायऱ्या दिल्या आहेत: वासना ओढते, भुलवते, गर्भ धरते, पापाला जन्म देते आणि पाप वाढून मरणाला. आपण लढायला उभे राहतो ते शेवटून दुसऱ्या पायरीवर, जिथे ताकद सगळ्यात कमी असते.

२ शमुवेल ११ हळूहळू वाचा. राजे लढाईवर जातात त्या दिवसांत दावीद यरुशलेमेत राहिला. संध्याकाळी पलंगावरून उठून गच्चीवर फिरू लागला. अंघोळ करणारी एक बाई दिसली. चौकशीला माणूस पाठवला. ती उरियाची बायको आहे असं उत्तर आलं, म्हणजे देवाने मध्ये चक्क एक दार लावलं होतं. तरी पुन्हा माणसं पाठवली. खाटेपर्यंत पोहोचायच्या आत मागे फिरायच्या किमान चार जागा होत्या, आणि सगळ्यात सोपी होती ती पहिली. योसेफाने ती ओळखली होती. उत्पत्ती ३९:१० म्हणतं की पोटीफरची बायको रोज बोलायची आणि तो तिच्याजवळ राहायचंही टाळायचा. वस्त्र टाकून पळाला तो नंतर.

तुमच्या वहीतल्या दोषाचे असेच पाच टप्पे मागे जा. समजा, रात्री एकट्याने घाणेरडं पाहणं ही गोष्ट आहे. त्याच्या आधी फोन हातात, अंधार, दार बंद. त्याच्या आधी झोप येत नाही म्हणून पडून राहणं. त्याच्या आधी जेवताना झालेलं भांडण, जे तसंच सोडून दिलं. त्याच्याही आधी दिवसभराचा शिणवटा आणि ‘आता मला काहीतरी मिळायला हवं’ ही कुरकुर. कापायची जागा यांतली लवकरात लवकरची. फोन रात्री झोपायच्या खोलीबाहेर चार्जिंगला, गजरासाठी वेगळं घड्याळ, आणि भांडण त्याच दिवशी मिटवणं. अशी तीन कामं दुपारी, डोकं थंड असताना करून ठेवायची असतात. देवावर विश्वास आहे म्हणून कुंपण नको, हा विश्वास नव्हे. येशूने डोळा उपटण्याची, हात तोडण्याची भाषा वापरली (मत्तय ५:२९–३०) ती अवयव तोडण्यासाठी नव्हे. पण फोन दुसऱ्या खोलीत ठेवणं त्यापुढे काहीच नाही.

रिकामी जागा भरा

इफिसकरांस पत्राचा चौथा अध्याय ‘काढून टाका’ एवढ्यावर थांबत नाही. जुना मनुष्य काढा, मन नवं होऊ द्या, नवा मनुष्य धारण करा, असं तो सांगतो. वचन २८ मधला चोर पाहा. त्याने चोरी थांबवायची, मग हाताने कष्ट करायचे, आणि ते कशासाठी, तर गरजूला द्यायला काही असावं म्हणून. घेणारा हात देणारा झाला की काम पुरं झालं.

चहाडीची सवय असेल तर गप्प बसणं हा अर्धाच उपाय. ज्याच्याबद्दल बोललात त्याच्याबद्दल, ज्याच्यापाशी बोललात त्याच्यापाशीच, एक खरी चांगली गोष्ट सांगा. मत्सर असेल तर ज्याचं नाव घेताना पोटात दुखतं, त्याच्या भरभराटीसाठी नाव घेऊन रोज प्रार्थना करा. पहिले आठ दिवस शब्द ओठांपुरतेच राहतील, तरी सोडू नका. पैशाची आसक्ती असेल तर हातात पैसा आला त्याच दिवशी ठरलेला वाटा बाजूला काढा; महिन्याअखेरीस उरलं तर देऊ म्हणणाऱ्याकडे उरत नाही. रागाबद्दल एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. सूर्य मावळेपर्यंत राग राहू देऊ नका (४:२६) याचा अर्थ वादाचा निकाल त्याच रात्री लागलाच पाहिजे असा नाही. दोघेही थकलेले असताना ओढूनताणून केलेला समेट बिघडतो. ‘उद्या सकाळी नीट बोलू, पण मी तुझ्यावर डूख धरलेला नाही,’ एवढं खरेपणाने म्हणता आलं तर झोपायला हरकत नाही. सकाळी मात्र बोलायचं.

भरपाई

हा भाग सहसा गाळला जातो, आणि मग लोकांना कळत नाही की इतकी कबुली करूनही मन मोकळं का होत नाही. लेवीय ६ मध्ये फसवून किंवा लुबाडून घेतलेल्या गोष्टीसाठी नियम आहे: मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा, ज्याची त्याला परत, आणि तीही दोषार्पण आणण्याच्याच दिवशी. म्हणजे १,००० घेतले असतील तर १,२०० द्यायचे आणि मग वेदीपाशी जायचं. जक्कय नावाचा जकातदार त्याच्याही पुढे गेला, चौपट परत आणि अर्धी मालमत्ता गरिबांना (लूक १९:८). ख्रिस्ती माणसावर पाचव्या हिश्श्याचं कलम लादायचं नाही, पण त्यामागचा न्याय कळतो: तुमच्यामुळे समोरच्याचं जे बुडालं, त्यात वाट पाहणंही आलं.

यादी करा. परत न केलेली उसनी रक्कम, बुडवलेला कर, फुगवून दाखवलेला खर्च, कामाच्या वेळात केलेलं स्वतःचं काम, थकवलेला पगार. प्रत्येकापुढे नाव, आकडा आणि तारीख. सगळं एकदम देता येत नसेल तर हप्ता ठरवून त्या माणसाला सांगा.

माफी मागताना ‘माझ्याकडून काही चुकलं असेल तर’ हे शब्द टाळा. त्यांत चूक झालीच का, याचा निर्णय समोरच्यावर ढकललेला असतो. माफी अशी असू शकते: ‘सोमवारच्या बैठकीत तुम्ही तयार केलेला अहवाल मी माझा म्हणून सांगितला. ते खोटं होतं. आज सकाळी साहेबांना मी खरं सांगितलं आहे. मला क्षमा कराल का?’ कारणं नाहीत, ‘पण’ नाही, आणि दुरुस्ती आधीच झालेली. समोरच्याने लगेच क्षमा केली नाही तर तगादा लावू नका. एक सावधगिरी: ज्याला ठाऊकही नाही त्याच्यापाशी जाऊन ‘मी इतके दिवस तुमच्याबद्दल वाईट विचार करत होतो’ असं सांगू नका. त्याने तुमचं ओझं उतरतं आणि त्याच्यावर चढतं. मनातलं पाप देवापाशी कबूल करायचं; प्रत्यक्ष केलेलं नुकसान माणसापाशी.

वचन आणि प्रार्थना, झेपेल एवढ्या मापात

नव्या करारात २६० अध्याय आहेत. आठवड्याला पाच वाचले तर ५२ आठवड्यांत पुरे होतात आणि राहिलेलं भरून काढायला दर आठवड्याला दोन दिवस हाताशी राहतात. रोज चारचार अध्यायांचे बेत पुढे लेवीयाच्या आसपास कोसळतात, कारण त्यांत चुकलेल्या दिवसाची सोय नसते. स्तोत्रं रोज पाच घेतली तर महिन्यात होतात. ११९वं एकट्याने १७६ वचनांचं आहे, ते ३१ तारखेला ठेवा.

पाठांतराला आठवड्याला एकच वचन पुरे, पण ते निवडलेल्या दोषाशी भिडणारं हवं. जिभेसाठी इफिस ४:२९ किंवा स्तोत्र १४१:३, रागासाठी याकोब १:१९–२०, नजरेसाठी ईयोब ३१:१, पैशासाठी इब्री १३:५, काळजीसाठी फिलिप्पै ४:६–७. अरण्यात येशूने सैतानाच्या तिन्ही परीक्षांना ‘अनुवाद’ या पुस्तकातल्या वचनांनी उत्तर दिलं. त्या वेळी पुस्तक उघडायला कोण थांबणार होतं?

सकाळची प्रार्थना वहीतल्या ‘उद्याच्या अडचणीच्या जागेपासून’ सुरू करा. दिवसभरासाठी नहेम्या २:४ बघा: राजाने प्रश्न विचारला आणि नहेम्याने उत्तर दिलं, त्या दोहोंच्या मध्ये त्याने देवाची प्रार्थना केली. दोन श्वासांची. घराच्या दाराची कडी हातात आली की, अवघड माणसाचा फोन उचलण्याआधी, पाकीट उघडताना, अशा ठरलेल्या जागांना एकेक वाक्याची प्रार्थना बांधून ठेवा.

उपवास आठवड्यातून एका जेवणापासून सुरू करा. मधुमेह असेल, गरोदरपण असेल, गोळ्या चालू असतील किंवा पूर्वी खाण्याशी बिनसलेलं असेल, तर अन्नाचा उपवास करू नका, फोन-टीव्हीच्या पडद्याचा करा. यशया ५८ उपवासाच्या दिवशी कामगारांना पिळणाऱ्यांवर कडाडतो, तेव्हा वाचलेलं जेवण किंवा त्याचे पैसे भुकेल्याकडे जाऊ देत. आणि तोंड धुऊन, केस विंचरून बाहेर पडा, कोणाला कळायचं कारण नाही.

एकट्याने होत नाही

मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीने १७३८ मध्ये लहान गटांसाठी नियम केले: आठवड्यातून एकदा भेटायचं, वेळेवर यायचं, आळीपाळीने प्रत्येकाने आपल्या आत्म्याची खरी स्थिती उघड सांगायची, प्रार्थनेने शेवट करायचा. आजही याहून फार वेगळं काही लागत नाही. दोघं किंवा तिघं, पुरुषांचा गट पुरुषांचा, स्त्रियांचा स्त्रियांचा, एक तास. तीन प्रश्न पुरेत: ठरवलेल्या गोष्टीत या आठवड्यात काय झालं? काय लपवावंसं वाटतंय? कोणाची भरपाई बाकी आहे? ज्या मंडळ्यांत धर्मगुरूंपुढे पापनिवेदनाची रीत आहे, तिथे त्याची तारीख ठरवून ठेवा.

असे गट दोन कारणांनी मोडतात. सांगितलेलं बाहेर जातं, कधीकधी ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून. किंवा गट एकमेकांचं सांत्वन करण्यातच रमतो आणि ‘चालायचंच’ म्हणून उठतो. गुपित राखण्याला मर्यादा मात्र एक आहे आणि ती पहिल्याच भेटीत बोलून ठेवा: लहान मुलाला किंवा कोणालाही इजा होत असेल, तर ते गुपित राहणार नाही, कायद्यापर्यंत जाईल. घरातली मारहाण सोसणाऱ्या व्यक्तीला ‘पवित्रतेने सहन कर’ असं कोणीही सांगू नये. तिला सुरक्षित जागी पोहोचवणं हेच त्या वेळचं काम.

पडल्यावरचा पहिला तास

पडाल. तेव्हा ‘आधी दोन दिवस बरं वागून दाखवतो, मग देवापुढे जातो’ हा विचार येईल, आणि त्याच दोन दिवसांत आणखी दोनदा पडणं होतं. त्याच तासात, आहे तिथे, नाव घेऊन कबूल करा. गटातल्या एकाला एवढंच लिहा, ‘आज पडलो, फोन कर.’ नुकसान झालं असेल तर ते भरायची वेळ ठरवा. ठिपका द्या आणि जे काम चालू होतं ते पुढे करा. दारू, जुगार, अश्लीलता यांची पकड वर्षानुवर्षांची असेल तर डॉक्टर किंवा समुपदेशकाची मदत घेणं ही श्रद्धेची कमतरता नाही.

उलट टोकाची माणसंही असतात: क्षमा मिळाली की नाही म्हणून तीच कबुली वीस वेळा करणारी, प्रत्येक विचार भिंगाखाली धरणारी. त्यांनी ही वही वापरू नये. पाळकांपैकी किंवा वडीलधाऱ्यांपैकी एकाच जाणत्या माणसाचं ऐकावं, आणि त्याने ‘झालं’ म्हटलं की थांबावं.

सहासात आठवड्यांनी ठिपके विरळ झाले की पुढचा दोष निवडायच्या आधी घरातल्या माणसाला विचारा, ‘गेल्या दीड महिन्यात माझ्या बोलण्यात तुला काही फरक जाणवला का?’ प्रश्न विचारून गप्प बसा. उत्तर ‘नाही’ आलं तर वाद घालू नका, उदाहरणं देऊ नका. तारीख टाकून ते वाक्य त्याच्याच शब्दांत वहीत उतरवा आणि आणखी सहा आठवडे तोच दोष धरा.